झिजलेल्या वस्तूंची केस: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

या वर्षी एकच मोठं काम करायचं ठरवलंय. असेंब्लाज, भिंतीवर टांगायचं, चांगलं दोन-अडीच फुटांचं. छोट्या छोट्या फ्रेमा पुरे झाल्या, त्या लोक वाढदिवसाला देऊन टाकतात.

असेंब्लाज म्हणजे काय असं घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. कोलाजमध्ये कागद चिकटवतात, इथे खऱ्या वस्तू चिकटवायच्या, ठोकायच्या, तारेने बांधायच्या. द्यूब्युफे नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १९५३ मध्ये आपल्या कामांना हे नाव दिलं आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमाने, म्हणजे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने, त्यावर मोठं प्रदर्शन भरवलं. पण पिकासोने १९४२ मध्येच सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं करून ठेवलं होतं. दोन वस्तू, बस्स, विषय संपला. हे 'दोन वस्तू' मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय कारण माझं कायम उलटं असतं, मला सगळंच आवडतं आणि मग गॅलरीत पाय ठेवायला जागा राहत नाही.

म्हणून या वेळी एकच अट: माणसाच्या हाताने झिजलेली वस्तूच घ्यायची. जुनी, सुंदर, दुर्मिळ वगैरे असण्याशी काही देणंघेणं नाही. जिथे बोट टेकतं, मूठ आवळते, अंगठा दाबतो, तिथे ती झिजलेली दिसली पाहिजे. नाहीतर हात लावून परत ठेवायची.

आता शोधायचं कुठे. अमेरिकेत गॅरेज सेल असतो, शनिवारी सकाळी घरासमोर सामान मांडून बसतात, कारण त्यांच्याकडे गॅरेज असतं. आपल्याकडे गाडीच बिचारी रस्त्यावर उभी असते. पण मुंबईत त्याचे भाऊबंद आहेत: चोर बाजार, टॉवरवाल्यांचे पोडियमवरचे सेल, जोगेश्वरीचं ओशिवरा फर्निचर मार्केट, कोपऱ्यावरचा भंगारवाला आणि सगळ्यात मोठं म्हणजे रिडेव्हलपमेंट. या शहरात दर दोन गल्ल्यांमागे एक बिल्डिंग रिकामी होतेय आणि माणसं पन्नास वर्षांचा संसार दोन टेम्पोत बसवायचा प्रयत्न करतायत. जे बसत नाही ते आपलं.

१० जानेवारी, शुक्रवार

ऑफिसला हाफ डे टाकला. चोर बाजारात शुक्रवारी मटण स्ट्रीटवरची अँटिकची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार भरतो, उजाडायच्या आधीपासून. मुलुंडहून पहिल्या काही गाड्यांतली एक पकडली, सँडहर्स्ट रोडला उतरले आणि चालत गेले. टॉर्च पाहिजेच, मोबाइलचा नाही, वेगळा, कारण मोबाइल हातात असला की एक तर तो पडतो नाहीतर भाव वाढतो.

खाली प्लास्टिक अंथरून ढीग. चार्जर, नळाच्या तोट्या, एका पायाचे बूट, मिक्सरची भांडी, कॅमेऱ्याच्या रिकाम्या केसा. पितळी माल बघायचा तर डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण दुर्बिणी, होकायंत्रं, वाळूची घड्याळं यातला बराच माल नवाकोरा असतो, उत्तरेतून येतो आणि इथे पोचेपर्यंत शंभर वर्षांचा होतो. खरं-खोटं ओळखायची माझी पद्धत झीज बघण्याचीच आहे. खरी जुनी पितळी वस्तू खाचांमध्ये काळी असते आणि उंचवट्यांवर, जिथे हात लागतो तिथे, चकचकीत. ॲसिड मारून म्हातारी केलेली वस्तू सगळीकडे सारखीच काळपट असते, हात न लागणाऱ्या बुडाशीसुद्धा. आणि स्क्रू बघायचे. प्लस खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले.

एका माणसाने ग्रामोफोन पुढे केला.

"मॅडम, अंग्रेज के जमाने का है, उन्नीस सौ दस."

"उन्नीस सौ दस में स्टार का पेचकस था क्या भाई?"

तो हसला, शेजारचा पण हसला, आणि मग दोघांनी मला चहा पाजला, हे चोर बाजारातच होऊ शकतं. चहा पिताना त्याच्या ढिगाखाली रंधा दिसला. सुताराचा, लाकडी, पातं गायब. डाव्या बाजूला अंगठ्याच्या जागी एवढा खोलगट खळगा की माझा अंगठा त्यात ठेवला तर अर्धा आत गेला. म्हणजे वापरणाऱ्याचा अंगठा माझ्यापेक्षा बराच जाड होता आणि त्याने आयुष्य काढलं असणार याच्यावर. मागची मूठ वरून काळी आणि काचेसारखी गुळगुळीत, खालून खरखरीत लाकूड. पाचशे म्हणाला, दोनशेला दिला. खरं तर मी पाचशे पण दिले असते, पण तोंडावर तसं दिसू द्यायचं नसतं.

जाताना एकाने खिशातून रुमालात गुंडाळलेल्या पांढऱ्या मुठी काढून दाखवल्या, "हाथीदांत, असली". लांबूनच नमस्कार केला. खरा असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली विकत घेणाराही अडकतो, आणि खोटा असेल तर प्लास्टिकला पैसे कशाला. कासवाच्या पाठीचे कंगवे, सांबराची शिंगं, सगळ्याला हेच लागू.

१९ जानेवारी, रविवार

पवईच्या एका टॉवरमध्ये सेल होता, कॉलेजच्या मैत्रिणीने गेटवर नाव देऊन ठेवलं होतं. पोडियमवर टेबलं मांडलेली, प्रत्येक वस्तूला स्टिकर, यूपीआयचा कोड लावलेला. सायकली, योगा मॅट, ब्रेड मेकर, वापरलेला नाही असं अभिमानाने लिहिलेला. बरोबर आहे, तिथे लोक तीन वर्षांत घर बदलतात, झीज होणार कधी. मी निघालेच होते तेवढ्यात एका खोक्यात कॉम्प्युटरचा काळा कीबोर्ड, पन्नास रुपये, चालू आहे का माहीत नाही. 'ए', 'एस', 'ई' आणि 'एन' पुसलेले, आणि स्पेसबार पूर्ण मॅट, फक्त उजव्या अंगठ्याच्या जागी लंबगोल चकाकी. रंध्यासारखाच अंगठा, फक्त काम वेगळं. घेतला.

घरी नवरा म्हणाला, "हा तर माझ्या ऑफिसमध्ये फुकट मिळतो." मिळतो ना, मग आण.

२५ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस मोठा.

गिरगावात एक छापखाना बंद झालाय, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणारा, तिसऱ्या पिढीने जागा विकली. ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, आधीच भंगारात गेलेलं. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, पोत्यांमध्ये भरून ठेवलेले, वजनावर जाणार, वितळवायला. टाइपचा खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू, त्यामुळे भंगारवाल्याला अक्षराशी काही घेणं नाही, त्याला शिसं दिसतं. आणि ज्या शहरात एकोणिसाव्या शतकात निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी देवनागरी टाइप ओतून नाव कमावलं, तिथे आता शेवटचे खिळे किलोवर चाललेत. असो. मी पण तिथे भंगार घ्यायलाच गेले होते, मी कुठे मोठी शहाणी.

भिंतीला लावलेली लाकडी केसांची घोडी होती. केस म्हणजे खिळे ठेवायचा उथळ खणांचा ट्रे, आतमध्ये लहानमोठी घरं पाडलेली. इंग्रजीपेक्षा मराठीच्या केसेसमध्ये घरं खूप जास्त, कारण जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काने, मात्रा, वेलांट्या, रफार, सगळ्यांना स्वतंत्र जागा लागते. एक केस उचलली, ३२ इंच बाय १४ इंच, आणि बघितलं तर सगळ्या घरांच्या पट्ट्या सरळ, पण समोरच्या बाजूच्या मधल्या दोन-तीन घरांच्या कडा अक्षरशः वाटीसारख्या खाली गेलेल्या. बोटांनी खिळा उचलताना कड घासत घासत गेलेली.

तिथे एक काका बसले होते, तिथलेच जुने कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवून ओळी लावणारे, रिटायर होऊन जमाना झाला पण बंद होतंय म्हणून बघायला आलेले. मी त्यांना विचारलं की ही घरं कशाची.

"ह्या घरात काना. हाताच्या सगळ्यात जवळ. मराठीत कान्याशिवाय ओळ होते का?"

"आणि हे?"

"र. आणि त्याच्या बाजूला त. तुम्ही डोळे मिटून विचारा ना, सांगतो."

मी विचारलं. डोळे न मिटताच समोरच्या भिंतीकडे बघत सांगत होते आणि हात आपोआप त्या त्या घरावर जात होता, केस रिकामी असून. 'ळ' कुठे विचारल्यावर हात लांब गेला, वरच्या कोपऱ्यात, आणि त्या घराची कड एकदम धारदार, नवी असल्यासारखी. मला तिथेच कळलं की मला दुसरी फ्रेम शोधायची गरज नाही. हीच फ्रेम, आणि तीच पहिली झिजलेली वस्तू पण.

केस सहाशेला. दोन किलो खिळे पण घेतले, वेगवेगळ्या आकाराचे, त्यात एक शीर्षकाचा मोठा 'श्री' आहे, पत्रिकेवरचा असणार, नाक घासलेला. टॅक्सी करावी लागली.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी, सफाई. शिशाचं काम आहे म्हणून नीट लिहिते कारण लोक हे हलक्यात घेतात. हातमोजे, मास्क, कोरडा ब्रश अजिबात नाही कारण धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं नंतर टाकून द्यायचं. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, वेगळ्या बालदीत. खिळ्यांवर पांढरट पूड दिसली तर तो शिशाचा गंज, ती तर अजून वाईट, असे खिळे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवले, कामात घेणार नाही. झाल्यावर हात साबणाने, नखांसकट. पुतणी आली होती, तिला गॅलरीचं दार बंद करून काचेतून बघू दिलं, ती रुसली.

केसच्या लाकडात दोन जागी टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. खाली काळा कागद घालून रात्रभर ठेवलं होतं, सकाळी कागद स्वच्छ. ताजा पिवळा भुसा पडला असता तर किडा आत जिवंत आहे असं समजायचं आणि सुईने औषध भरून पिशवीत बंद करायचं. इथे जुनी भोकं आहेत. तरी औषध भरलं, मुंबईच्या हवेचा भरवसा नाही.

सासूबाई दार उघडून बघून गेल्या. पितळी कोपऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पीतांबरी लाव, लख्ख निघेल."

"आई, लख्ख नकोय."

"मग कशाला पुसतेयस?"

प्रश्न बरोबर होता. धूळ काढायची आणि हाताचा डाग ठेवायचा, हे समजावणं कठीण आहे. पीतांबरीने कोपरे सोन्यासारखे होतील आणि कोणता कोपरा जास्त हाताळला गेला ते कायमचं जाईल.

१ फेब्रुवारी, शनिवार

काळा घोडा फेस्टिव्हलला जाऊन आले. गर्दी एवढी की इन्स्टॉलेशनपेक्षा सेल्फीच्या काठ्या जास्त दिसल्या. भंगारापासून केलेले प्राणी दरवर्षीप्रमाणे होते. कौशल्य आहे, नाही म्हणत नाही, पण स्पॅनरचा मोर बघून मला स्पॅनरबद्दल काही कळत नाही, तो स्पॅनर फक्त पिसाच्या आकाराचा होता म्हणून तिथे आहे. आणि मग घरी आल्यावर शेजारच्या काकू माझ्या केसकडे बघून 'टाकाऊतून टिकाऊ करतेयस वाटतं' म्हणतात आणि मी हो म्हणते, कारण जिन्यात उभं राहून किती बोलणार.

परत येताना ट्रेनमध्ये रंगाचा विचार केला. लुईस नेव्हल्सन ही अमेरिकन शिल्पकार फळ्या, खुर्च्यांचे पाय, कठड्याचे तुकडे खोक्यांमध्ये रचून सगळं एकाच काळ्या रंगात रंगवायची, १९५८ चं तिचं 'स्काय कॅथीड्रल' तसंच आहे, मोठी भिंतच. एका रंगाने पसारा एकदम गप्प होतो, फक्त आकार आणि सावल्या राहतात. माझ्यासारख्या सगळंच आवडणाऱ्या बाईला हा उपाय फार मोहात पाडणारा आहे. पण काळा मारला की कान्याच्या घराची कड आणि ळच्या घराची कड सारखीच दिसणार. रंग नाही. ठरलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पार्ल्यात एक तीन मजली बिल्डिंग रिकामी होतेय, पाडणार. मावसबहिणीच्या ओळखीच्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, सगळं वाटून टाकतायत. अशा ठिकाणी जायचं तर माझे काही नियम आहेत: खाऊ घेऊन जायचं, पहिला अर्धा तास वस्तूंकडे बघायचंच नाही, आणि घासाघीस नाही. चोर बाजारात घासाघीस केली नाही तर दुकानदाराला वाईट वाटतं, इथे केली तर आपल्याला वाटलं पाहिजे.

आजींनी चहा केला आणि मग स्वतःच म्हणाल्या, "काय गं, म्हणे तुला मोडकं हवंय?"

"मोडकं नाही आजी, वापरलेलं."

"इथे न वापरलेलं काय आहे?"

विळी काढली. लग्नात आलेली. पाटाला जिथे पाय दाबून बसायचं तिथे लाकूड फिकट आणि बसकं झालेलं. पण खरं बघण्यासारखं पातं होतं. धार लावून लावून, लावून लावून, पोटाकडून आत गेलेलं, अमावस्येनंतर दिसणाऱ्या चंद्रकोरीएवढं उरलेलं. टोकाजवळ मूळची रुंदी शाबूत, कारण तिथे कोणी भाजी चिरत नाही, आणि मधोमध बोटाच्या रुंदीची पट्टी. वरचं खोबरं खवायचं चक्र पण दाते झिजून बोथट झालेलं. मी विचारलं की नवीन का नाही घेतली. "धार होती ना," एवढंच म्हणाल्या.

स्विचबोर्ड पण मिळाला, भिंतीवरून काढून ठेवलेला, सागवानी फळी आणि त्यावर गोल, तपकिरी बॅकेलाइटचे स्विच, वर-खाली टक्कन वाजणारे. बॅकेलाइट आहे का साधं प्लास्टिक हे बघायला अंगठ्याने जोरात घासायचं, गरम झालं की दवाखान्यातल्या फिनाइलसारखा वास येतो. आला. चार स्विचपैकी एकाची कळ एकदम गुळगुळीत, बाकी तीन नाहीत. आजींना विचारलं तर म्हणाल्या तो देवघराचा दिवा, रोज दोनदा. फॅनचा का नाही? "फॅनला आम्ही हात नाही लावायचो, तो चालूच असायचा."

हे सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं, वस्तू कोणती, कुठली, कोणी कशाला वापरली. प्रत्येक वस्तूच्या मागे ती चिठ्ठी जाणार. जोसेफ कॉर्नेल, खोक्यांच्या कामांचा बादशहा, न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या घरात तळघरात काम करायचा आणि जुन्या बाजारातून आणलेला माल नावं टाकलेल्या डब्यांमध्ये वर्षानुवर्षं जपून ठेवायचा. माझ्याकडे तळघर नाही, श्रीखंडाचे डबे आहेत.

१६ फेब्रुवारी, रविवार

मांडणी. जमिनीवर केस आडवी, सगळं कोरडंच ठेवून बघायचं, काही चिकटवायचं नाही, स्टुलावर चढून वरून फोटो, परत हलवा, परत फोटो. रंधा फार खोल आहे, केसच्या बाहेर चार बोटं येतो. विळी तर अख्ख्या केसपेक्षा उंच. घरांच्या पट्ट्या कापल्या तर सोपं होईल पण कापणार नाही, ती घरं हाच मुद्दा आहे.

शेवटी विळीचा पाट काढून ठेवला आणि नुसतं पातं आडवं, केसच्या वरच्या अर्ध्या भागातून तिरकं जाणारं. देवघराचा स्विच डावीकडे एकटा. कीबोर्डची सगळी बटणं काढली, फक्त पुसलेली चार आणि स्पेसबार ठेवणार. स्पेसबार कान्याच्या मोठ्या घरात बरोब्बर बसतो, जणू त्याच्यासाठीच केलंय. खिळे मोजकेच, आणि ज्या अक्षराचं घर त्याच अक्षराचा खिळा तिथे.

जोडणीबद्दल. फेविकॉल फक्त तिथे जिथे निदान एक बाजू पाणी पिणारी आहे, लाकूड-लाकूड, लाकूड-कापड. धातू-धातू किंवा धातू-बॅकेलाइटला अरल्डाइट, तो पण रात्रभर वाळणारा, पाच मिनिटांवाला नाही, आणि आधी दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करून थिनरने पुसायच्या. झटपट चिकटणारा गोंद काळ्या किंवा चकचकीत वस्तूजवळ आणायचाच नाही, आजूबाजूला पांढरी वाफ बसल्यासारखा डाग पडतो. पण मनापासून सांगायचं तर मला तार आवडते. तांब्याची बारीक तार, मोटार वाइंडिंगवाल्याकडे सुटी मिळते, लाकडात एक मिलिमीटरची दोन भोकं, मागून पीळ. उद्या मत बदललं तर सोडवता येतं आणि वस्तूला इजा नाही. या कामात शक्य तिथे सगळीकडे तार, नाइलाज असेल तिथेच अरल्डाइट.

१ मार्च, शनिवार

काही हललं नाही. वरची बाजू रिकामी वाटतेय, पातं हवेत तरंगल्यासारखं. ओशिवऱ्याला फेरी मारली, फर्निचर मार्केटमध्ये शूटिंगच्या सेटवरचे खांब, कोरलेल्या चौकटी, सगळं आहे, पण सेटचं सामान कोणी वापरलेलंच नसतं, नुसतं रंगवलेलं असतं. ऊन मी म्हणत होतं. लिंबू सरबत पिऊन परत.

१३ मार्च, गुरुवार, होळी

सकाळी दूध आणायला गेले तर मागच्या चाळीतल्या पोरांनी होळीचा ढीग रचलेला, खोकी, मोडक्या खुर्च्या, झावळ्या, आणि मधेच एक लांब दांडा बाहेर आलेला. जिन्याचा कठडा. शेजारचं दुमजली घर पाडलं मागच्या महिन्यात, त्याचा असणार. सागवान, वरून ऑइलपेंटचे थर, हिरवा, त्याखाली बदामी, त्याखाली चॉकलेटी, आणि जिथे हात सरकत जातो त्या वरच्या पाठीवर तिन्ही रंग लाटांसारखे उघडे पडून मधोमध नुसतं लाकूड. नकाशासारखं दिसत होतं.

"अरे, होळीत सागवान कशाला जाळताय?"

"काकू, मग बदल्यात काय देता?"

काकू म्हटल्याबद्दल आधी मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग वाण्याकडून पॅकिंगच्या फळ्यांची दोन खोकी आणि पोरांना दोनशे रुपये वर्गणी. सौदा चोर बाजारापेक्षा कडक झाला, एक दहा वर्षांचा पोरगा तर पुढे सेल्समध्येच जाणार.

आता काळजी. तीन थरांचा जुना ऑइलपेंट म्हणजे शिसं असणारच असं धरून चालायचं. घरगुती रंगांमध्ये शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याच्या आधीचं काय सांगावं. म्हणून घासकाम शून्य. सुटलेले पापुद्रे ओल्या फडक्याने काढले, बाकी रंग तसाच ठेवून वरून पातळ मॅट वॉर्निश, म्हणजे उडणार नाही. कापताना पाणी शिंपडत हाताच्या करवतीने, मशीन नाही.

३२ इंचाचा तुकडा केसच्या वरच्या कडेला बसवला आणि पातं लगेच खाली उतरलं, म्हणजे डोळ्याला. हेच हवं होतं.

२३ मार्च, रविवार

वजन. बाथरूमच्या काट्यावर मी काम घेऊन उभी राहिले, मग एकटी, वजाबाकी १४ किलो. (एकटीचा आकडा इथे देत नाही.) आमच्या हॉलची भिंत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ब्लॉकची, त्यात साधा प्लग मारला की भुसभुशीत पूड निघते आणि चौदा किलो म्हणजे एक दिवस सोफ्यावर कोसळणार. ठोकून बघितलं, खिडकीजवळ कॉलम आहे, तिथे आवाज भरीव येतो. तिथेच टांगायचं. पद्धत: एक पट्टी लांबीच्या दिशेने ४५ अंशात चिरून दोन भाग, एक भिंतीला आणि उलटा दुसरा कामाच्या मागे, एकावर एक अडकतात आणि वजन पूर्ण लांबीवर वाटलं जातं. सुतारकाकांनी पट्टी चिरून दिली, रंधा बघून म्हणाले, "हा कोणी डावरा नव्हता." मग विचारलं की याचं पातं कुठंय, माझ्याकडे बसवून देतो, चालू होईल. नको म्हटल्यावर त्यांना ते अजिबात पटलं नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारली, श्रीखंड-पुरी झाली, आणि नवरा आणि दिराने मिळून काम टांगलं. लेव्हल मोबाइलवर बघितली. खिडकीतून दुपारचं ऊन तिरकं येतं तेव्हा विळीच्या पात्याची सावली र आणि तच्या घरांवरून जाते, हे ठरवून केलेलं नाही पण कोणी विचारलं तर ठरवून केलंय असं सांगणार आहे. पात्याच्या धारेला मेणाचा थर आणि वर पारदर्शक पट्टी आहे, पुतणीमुळे.

सासूबाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, आमच्या आईची विळी पण अशीच झाली होती, कुठे गेली कोणास ठाऊक. थोड्या वेळाने आतून स्वतःचं लाटणं घेऊन आल्या, मधून बारीक झालेलं, आणि विचारलं हे बसेल का. जागा नव्हती. पण मी नाही म्हटलं नाही, पुढच्या कामाच्या डब्यात ठेवलंय, आणि तोपर्यंत पोळ्यांसाठी बाहेर काढायची परवानगी आहे.

६ एप्रिल, रविवार

उरलेला माल. खिळे झाकणाच्या बरणीत, वर मोठ्या अक्षरात 'शिसं, हात धुवा'. कीबोर्डची उरलेली बटणं ई-कचऱ्यात. विळीचा पाट ठेवलाय. पावसाआधी रिकाम्या होणाऱ्या अजून दोन बिल्डिंगांचा पत्ता लागलाय, एक माहीमला आणि एक लालबागला, मे संपायच्या आत जायला हवं, एकदा पाऊस लागला की लाकूड फुगतं आणि लोक सरळ टाकून देतात.

छापखान्यातल्या काकांना फोन केला, बघायला या म्हटलं. म्हणाले येतो, पण आधी सांग कुठल्या घरात काय ठेवलंयस. सांगत गेले. र, त, ळ, श्री, सगळ्याला हं हं करत होते. कान्याच्या घरात काय, तर कीबोर्डचा स्पेसबार.

"तो काय असतो?"

"शब्दांच्या मधली मोकळी जागा, ती टाकायचं बटण."

"मग ते तिथे कसं? स्पेसचं घर वेगळं. खाली, उजव्या हाताला. कान्यात स्पेस मिसळली तर कंपोझिटर दिवसभर शिव्या घालेल."

तारेने बांधलंय म्हणून बरं. आज संध्याकाळी उतरवून हलवते, त्या खालच्या घरात जेमतेम बसेल, कदाचित एक टोक बाहेर राहील.